व्हाळाची माती आणि चार टायर

गेले तीन आठवडे आमच्या घरात टायर सोडून दुसरा विषय नाही. माझ्या पुतणीच्या मुलाने, निखिलने, आंबे वाहायला पिकअप घेतली आहे आणि तिला कसल्याही वाटेवर चालणारे ऑल-टेरेन टायर बसवायचे आहेत. रोज मोबाइलवर नवा टायर, रोज नवा व्हिडिओ. परवा मी जेवताना सहज म्हटलं, अरे, आधी तुझ्या रस्त्यावरची माती कसली आहे ते तर बघ. तर हसून म्हणतो, "आजी, तुला टायरमधलं काय कळतं?"

घ्या! अरे बाबा, तुझ्या आईचा जन्मही झाला नव्हता तेव्हा मी एका पिकअपचे टायर निवडायला बोटीने मुंबई गाठली होती. हा मुलगा भटकंतीचा ब्लॉग लिहितो, दोन दिवस कुठे गेला तरी दहा पानं लिहितो. म्हटलं, आता तुझ्याच ब्लॉगवर माझा प्रवास येऊ दे. मी सांगते आहे, त्याची आई टाइप करते आहे आणि तो बाजूला बसून चहा पितो आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं होती ती. नवे पैसे नुकतेच आले होते आणि आण्याचे सहा की सव्वासहा यावरून दुकानादुकानात वाद व्हायचे. मी तळकोकणात आमच्याच गावच्या दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर फक्त गुरुवारी यायचे, बाकीचे सहा दिवस मी आणि आमची पिकअप. ही गाडी गावच्या मुंबईकर मंडळींनी, म्हणजे गिरणीत काम करणाऱ्या आमच्या चाकरमान्यांनी, लष्कराच्या लिलावातून घेऊन दिली होती. गावाने तिचं नाव ठेवलं होतं म्हस. चिखल दिसला की म्हशीसारखी बसायची आणि उठायचं नाव नाही.

बसायची जागाही ठरलेली. दवाखाना आणि तालुक्याचा रस्ता यांच्या मध्ये एक व्हाळ आहे. पावसाळी ओढ्याला आमच्याकडे व्हाळ म्हणतात. पाणी गुडघ्याएवढंच, पण दोन्ही काठांना लाल, लोण्यासारखी चिकण माती. आदल्या पावसात साप चावलेल्या एका म्हाताऱ्याला नेताना म्हस तिथे रुतली. चार जणांनी त्याला खाटेवर घालून पुढे नेलं. वाचला, पण केवळ दैवाने.

आणि त्या वर्षी आमच्या ड्रायव्हरची, बाबलची, बायको शेवंती गरोदर होती. दिवस श्रावणात भरणार, म्हणजे व्हाळ भरून वाहत असणार. तिची कूस अवघड आहे, बाळंतपण तालुक्यालाच करावं लागेल, असं डॉक्टर सांगून गेले होते. बाबल रोज सकाळी गाडीच्या गुळगुळीत झालेल्या टायरांवरून हात फिरवायचा. मला ते बघवत नसे.

मुंबईतल्या या गावकऱ्यांच्या मंडळाला पत्र टाकलं. लगेच उत्तर आलं की टायर देतो, बोटी बंद व्हायच्या आत येऊन घेऊन जा. पावसाळ्यात बोटी बंद असत आणि त्याला जेमतेम आठवडा उरला होता. डॉक्टर मला म्हणाले, तुम्हीही जा. बाबल चांगला ड्रायव्हर, पण कोणी जरा मोठ्याने बोललं की तो मान डोलावतो. मला मान डोलावायची सवय नव्हती.

आता माझी अक्कल बघा. थुंकीचा नमुना तपासायला पाठवायचा हे नर्सिंगमध्ये शिकलेलं. म्हटलं, मग चिखलाचा नमुना का नको? बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात व्हाळाच्या काठची पाच-सहा शेर माती भरली. सोबत दोन फणस, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि मापासाठी म्हशीचा एक जुना टायर. एवढं घेऊन होडीतून बोटीवर चढलो. डेकचं तिकीट काढणार असाल तर भोंग्याजवळ बसू नका, कानठळ्या बसतात आणि काजळी पडते. असली बोट आता नाही म्हणा, पण सांगायचं राहायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्याला उतरलो. ट्रामच्या कंडक्टरने टायर बघितला आणि हात जोडले. म्हणाला, बाई, टायरचं तिकीट आमच्याकडे नाही. मग काय, बाबल टायर घरंगळवत पुढे आणि मी डोक्यावर फणस घेऊन मागे, अशी आमची वरात डोंगरी, भुलेश्वर करत गिरगावात पोचली. भिंतीभिंतीवर गेरूने "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" लिहिलेलं. लोक वळून वळून बघत होते. एक फुलवाली म्हणाली, काय ताई, गाडी कुठं सांडली? हसता हसता माझा फणस पडायचा राहिला.

गिरगावात माझी आते, वडिलांची सख्खी बहीण, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. तिच्याकडे उतरण्यासारखं सुख नाही. पाय धुवायला गरम पाणी, वर आल्याचा चहा, दुपारी तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी. पण आते अठरा वर्षांत माहेरी, आमच्या गावी, आली नव्हती. लग्नाला नाही, कार्याला नाही. मी सामान तिच्या स्वयंपाकघरात टाकलं, फणस तुझे म्हटलं, आणि जेवून बाबलबरोबर लालबागला निघाले. डब्यात काय आहे ते सांगायचं राहिलं. तिथेच चुकले.

लालबागला आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. भिंतीला ओळीने पत्र्याच्या ट्रंका, दोरीवर कपडे, आणि पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस जण. मंडळाचे पुढारी भाई, गिरणीत मागावर काम करणारे साचेवाले, दारातच उभे होते. त्यांनी मला आत नेलं आणि मी बघतच राहिले. भिंतीशी चार नवेकोरे टायर उभे. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार, पुढे फोडलेला नारळ. टायर घेऊनसुद्धा झाले होते. कामावरून सुटल्यावर चहा सोडून, विड्या सोडून या माणसांनी ते जमवले होते.

आणि ते चारही चुकीचे होते. शहरातल्या बसला असतात तसे, सरळ उभ्या रेघांचे. डांबरी रस्त्यावर झकास पळतील, पण व्हाळात? आमच्या म्हशीचे जुने टायर नवे असताना असेच होते. बाबलने माझ्याकडे बघितलं. मी जमेल तितक्या हळू विचारलं, भाई, चिखलात धरतील का हे?

भाईंचा चेहरा उतरला. मग ते जरा ताठ होऊन म्हणाले, "बाय, ह्या टायरांवर सगळी मुंबय चालता."

बाबलने मान डोलावली! डोलावलीच मेल्याने. आणि खरं सांगते, मान न डोलावणारी मी, मलाही नकार देववेना. हार घातलेल्या वस्तूला नाही कसं म्हणायचं? कशीबशी म्हणाले, उद्या आमची माती आणते, त्यात लावून बघू. भाई म्हणाले, बघा की, आम्हांला काय. पण त्यांना लागलं होतं.

दिवेलागणीला गिरगावात परतले तर डबा रिकामा, धुऊन पालथा घातलेला. गॅलरीत आतेची तुळशीची कुंडी, आणि कुंडीत काठोकाठ लाल माती. पुढे निरांजन. आते पदराने डोळे पुसत होती. "गो सुलू," ती म्हणाली, "माका वाटला, तू फणस हाडशीत. तू म्हायराची माती हाडलंस. अठरा वर्सांत कोणाक सुचला नाय गो ह्या."

मी जेवले आणि गप्प झोपले. सकाळी चहाच्या वेळी मात्र धीर केला. म्हटलं, आते, ती माती तुझ्यासाठी नव्हती. आणि सगळं सांगितलं. म्हशीचं, हार घातलेल्या टायरांचं, शेवंतीचं. माती कुठली हेही सांगितलं. व्हाळाच्या काठची.

आतेने कप खाली ठेवला. तेव्हा तिने मला ते सांगितलं जे घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली होती. आषाढ होता. दोन दिवस कळा देत होती आणि तिला तालुक्याला न्यायला निघालेली डोली त्या व्हाळापाशी अडली. काठ इतका निसरडा की डोलीवाल्यांचे पाय ठरेनात. मूल तिथेच काठावर गेलं. त्यानंतर तिने व्हाळ ओलांडला तो मुंबईला यायला, परत कधीच नाही. पुढे तिला मूलही झालं नाही. मी तिच्या पुढ्यात तीच माती आणून ठेवली होती, आणि तिने तिच्यात तुळस लावली होती.

मी म्हटलं, राहू दे आते, काही दुसरं बघू. ती उठली. तुळस मुळासकट अलगद काढून तांब्यात पाण्यात ठेवली आणि कुंडीतली माती दोन्ही हातांनी डब्यात भरायला लागली. भरता भरता विचारलं, "बाबलच्या बायलेक कितवो म्हयनो?"

"सहावो."

"चल तर. मीय येतंय."

चिंचपोकळीला स्टेशनच्या अलीकडे कासमभाईंचं टायरचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची शेड आणि छतापर्यंत टायर. भाईंनी हार घातलेल्यांपैकी एक टायर खांद्यावर आणला होता, चेहरा अजून घुम्मच. कासमभाईंनी सगळं ऐकून घेतलं, डब्यातली माती चिमटीत धरून चोळली, थोडं पाणी मागितलं. एका जाड पत्र्यावर माती पसरून, तिचा चिखल करून त्यांनी भाईंनाच सांगितलं, आपला टायर आपणच फिरवा. दोघांनी भार देऊन टायर पुढेमागे लोटला. दोन फेऱ्यांत सगळ्या रेघा चिखलाने भरल्या आणि टायर गुळगुळीत झाला, थेट आमच्या जुन्या टायरासारखा. मग जागेवरच घसरायला लागला.

नंतर कासमभाईंनी आतून लष्करी गाडीचा एक टायर काढला. रेघा नाहीत, मोठे मोठे ठोकळे, मध्ये बोटभर मोकळी जागा. तो फिरवला तर चिखल ठोकळ्यांच्या मधे शिरायचा आणि पुढच्या फेरीला आपोआप गळून पडायचा. कासमभाई म्हणाले, "बाई, अच्छा टायर माती पकडत नाय. सोडून देतो. पकडून बसला, तो फसला."

मी विचारलं, तो कोपऱ्यातला, बाणासारख्या नक्षीचा ट्रॅक्टरचा टायर कसा? म्हणाले, चिखलाला तोही छान, पण तो एकाच बाजूने फिरायला असतो. पंक्चर झाल्यावर घाईत उलटा बसवला की चिखल बाहेर टाकायच्या ऐवजी आत ओढतो. शिवाय तालुक्याच्या रस्त्यावर पेशंटची हाडं खिळखिळी होतील. ठोकळ्यांचा टायर कसाही बसवा, दोन्हीकडे चालतो. डांबरावर थोडा गुणगुणेल, तेवढं ऐकून घ्या. निखिल, ऐकतोयस ना? अजून त्यांनी एवढं शिकवलं: टायरची बाजू अंगठ्याने दाबून बघायची, बारीक भेगा उघडल्या तर टायर जुना, नक्षी कितीही नवी दिसो. आणि खोल चिखल लागला तर थोडी हवा सोडायची, पलीकडे गेल्यावर पंपाने परत भरायची. पंप विसरायचा नाही.

भाई पत्र्यावरच्या चिखलाकडे बघत होते. मला वाटलं, आता हे चिडून निघून जाणार. ते वाकले, टायर फिरवताना बाजूला ठेवलेला, चिखल उडालेला झेंडूचा हार उचलला, झटकला आणि लष्करी टायराच्या गळ्यात घातला. म्हणाले, "आमका पाय माहीत, चाक खय माहीत?" मला रडूच आलं. त्या माणसाचे उपकार मी आजवर विसरले नाही. देणं सोपं असतं हो, दिलेलं चुकलं म्हणणं कठीण.

कासमभाईंनी भाईंचे चारही टायर बदल्यात घेतले, पण लष्करी टायर त्यांच्याकडे तीनच निघाले. चौथ्यासाठी त्यांनी दादरच्या एका गॅरेजवाल्याला चिठ्ठी दिली. तो दुसरा दिवस त्यातच गेला. दादरला बाजारामागच्या गल्ल्यांत बाबल आणि मी चार तास फिरलो. मधे बटाटेवडा खाल्ला, ताक प्यायलो, बाबलने शेवंतीसाठी हिरव्या बांगड्या घेतल्या. गॅरेजवाल्याने दाखवलेल्या पहिल्या टायरची बाजू मी अंगठ्याने दाबली तर भेगाच भेगा. मी नाही म्हणून मान हलवली. तो दुसरा काढायला गेला, आणि या खेपेला बाबलने स्वतः वाकून अंगठा दाबला. "हो चलात," तो म्हणाला. त्या तीन दिवसांत टायरबद्दल त्याने उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी बोट. आणि त्याच दिवशी हरताळ! ट्राम बंद, बस बंद, टॅक्सी, हातगाडी काही नाही. टायर लालबागच्या खोलीत आणि बोट भाऊच्या धक्क्याला. ती चुकली तर चार महिने समुद्र बंद. आते मला सोडायला गिरगावातून लालबागपर्यंत चालत आली होती. मी दारात डोक्याला हात लावून बसले. भाई म्हणाले, गिरणी बंद आहे, हात मोकळे आहेत. चार जण उठले, एकेक टायर घेतला आणि घरंगळवत निघाले. मी दवाखान्याची पांढरी साडी नेसले, म्हटलं लोकांना काहीतरी कळायला नको का.

परळकडून आलेला मोर्चा आडवा आला. आमचे चौघे टायर घरंगळवता घरंगळवता घोषणा द्यायला लागले, मोर्चातल्या लोकांनी वाट करून दिली. पुढे एका चौकात मात्र पोलिसांनी अडवलं. हवालदाराने टायर धरला आणि दरडावून विचारलं, रस्त्यात जाळायला नेताय ना? भाई काही सांगायला गेले तर त्याने काठी आडवी केली. मी पुढे झाले, पण माझं कोण ऐकतो? टायर जप्त, असं म्हणालासुद्धा.

तेव्हा आते पुढे आली. तिच्या हातात तो डबा होता. लालबागच्या खोलीत ठेवलेली उरलेली माती ती परत तुळशीला नेणार होती. तिने झाकण उघडून हवालदारापुढे धरलं आणि शांतपणे म्हणाली, "ह्या मातीत माझा पयला मूल गेला. आता ह्याच्या बायलेचे दिवस भरतले. टायर जाळूक नाय, व्हाळ उतरूक होये."

हवालदाराने तिच्याकडे आणि मातीकडे बघितलं. मग त्याने गाव विचारलं. आमच्याच बाजूचा निघाला, दोन डोंगर पलीकडचा. काठी बगलेत मारून तो पुढचे दोन चौक आमच्याबरोबर चालत आला, म्हणजे पुन्हा कोणी अडवू नये. नाव सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बोटीची शिडी उचलायच्या बेतात असताना आम्ही पोचलो. चार गिरणी कामगार घामाने निथळत धक्क्यावर उभे राहून हात हलवत होते आणि मी डेकवर चार टायरांच्या मधे बसून लहान मुलीसारखी रडत होते. मुंबई मोठी का म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

श्रावणात पाऊस धो धो असताना शेवंतीला कळा लागल्या. बाबलने व्हाळापाशी उतरून टायरातली हवा थोडी सोडली. मी मागे शेवंतीचा हात धरून होते. म्हस पाण्यात शिरली, पलीकडच्या काठाला एकदा अडखळली, चारी बाजूंना चिखल उडाला आणि गाडी वर. बाबलने पलीकडे थांबून, भर पावसात, पंप मारून हवा भरली. दर दोन दट्ट्यांमागे गाडीत डोकावून शेवंतीकडे बघायचा. मुलगी झाली. ती आता स्वतः आजी आहे.

निखिलने इथे विचारलं, मग शेवटी काय, ठोकळ्यांचाच घ्यायचा ना? घे बाबा. पण आधी डब्यात तुझ्या वाटेवरची माती घे, आणि ज्यांनी प्रेमाने दुसरा टायर सुचवला असेल त्यांच्यासमोर तो लावून बघ. माझ्याकडे त्या प्रवासातलं काही उरलेलं नाही. गाडी मोडीत गेली, गावकऱ्यांची ती खोली गेली, गिरण्या गेल्या. ऋण मात्र आहे, भाईंचं, कासमभाईंचं, त्या हवालदाराचं, आणि ते फेडायला आता कोणी सापडत नाही म्हणून हे लिहिलं.

एक राहिलं. त्याच वर्षी गणपतीला पत्र आलं की आते एसटीने येते आहे. मी आणि बाबल म्हस घेऊन तालुक्याला गेलो. येताना आते पुढे बसली होती, मांडीवर तो बिस्किटांचा डबा. व्हाळ आला तसे तिने डोळे मिटले. बाबलने गाडी पाण्यात घातली आणि पलीकडे काढली. आते उतरली. डबा उघडून चाकापाशी बसली आणि टायराच्या ठोकळ्यांमधे बोटं घालून माती शोधायला लागली. तुळशीला हवी होती. पण टायराने चिखल सगळा टाकलेला, चिमूटभरसुद्धा मिळेना. मग ती उठली, अठरा वर्षांनी त्या काठापर्यंत आपल्या पायांनी चालत गेली, आणि वाकून तिथलीच ओंजळभर माती उचलली.